फोटो तुम्ही काढा

"मॅडम, तुम्ही नका. तुम्ही फोटो काढा."

एवढंच म्हणाल्या वहिनी. आवाज चढवला नाही. हसून म्हणाल्या. मी कुंकवाच्या वाटीवर वाकलेली, बोटाला कुंकू लागलेलं. समोर चौरंगावर आणि खाली सतरंजीवर पोरांच्या पाट्या मांडलेल्या. दसऱ्याच्या आधी आमच्या शाळेत पाटीपूजन असतं. एकाचा आकडा एकाला जोडत जोडत पाटीवर सरस्वती काढायची आणि तिला हळदकुंकू वाहायचं. आता पाटी कोण वापरतंय? वर्षातनं ह्या एका दिवसापुरती आईबाप पाटी विकत आणतात. दुसरीची पोरं. कुणाचा एक आडवा पडतो, कुणाचा उलटा, कुणाची सरस्वती लाकडी चौकटीवर चढलेली. आठवडाभर एकेकाचा हात धरून मी त्या काढून घेतल्या होत्या. हॉलमधली रांगोळी माझी. झेंडूच्या माळा माझ्या. पोरांच्या तोंडात बसवलेलं स्तोत्र माझं. आणि कुंकू लावायची वेळ आली तर, तुम्ही नका.

बोटाचं कुंकू मी पदराला आतनं पुसलं. वहिनींनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. मोठा, भारीतला फोन. मला वाटलं, एवढा महागाचा फोन विश्वासानं दिला आपल्याकडं. शाळेत लागून मला चारच महिने झाले होते. मी खूश झाले. सांगताना लाज वाटते, पण झाले होते खूश. फोटोही चांगले आले.

वहिनी म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची बायको. शिवाजी पेठेतली जुनी शाळा, तालमीच्या शेजारी. अध्यक्ष फक्त झेंड्याला येतात, शाळा चालवतात त्या वहिनी. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, पण त्या वहिनींकडं बघूनच श्वास घेतात.

मी मानधनावर. दुसरीचा वर्ग आणि शिवाय सगळ्या प्राथमिकचा शेवटचा तास, संस्काराचा. वेळापत्रकात त्याला मूल्यशिक्षण लिहितात. आमच्यात त्याचा अर्थ श्लोक, स्तोत्रं, आरत्या, देवाच्या गोष्टी, सणवार. आधीच्या बाई निवृत्त झाल्या म्हणून मुलाखतीला मला मोठ्या बाईंनी विचारलं, काही पाठ आहे का? मी म्हणून दाखवलं. महापालिकेच्या शाळेत शिकत असल्यापासून प्रार्थनेला मीच पुढं असायचे, एकदा कानावर पडलं की पाठ. मोठ्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"किती शुद्ध उच्चार तुमचे! वाटत नाही हो."

काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कोल्हापुरात आमचं आडनाव सांगितल्यावर पुढचं काही सांगावं लागत नाही.

आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि फळीवर बुद्धाची मूर्ती. आज्ज्यानंच देव पंचगंगेत सोडलेले. आबा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या फौंड्रीत हयातभर. मी शाळेत 'आले' म्हणते आणि घरात आईसारखी 'आलो' म्हणते, एवढं अंतर त्या दोन जागांत. नोकरी लागली हे सांगितलं तेव्हा आबा लोखंडी कॉटवर बसून खोकत होते. संस्काराच्या तासाचं ऐकून म्हणाले,

"शिकीव की. पोटासाठी मानूस काय बी करतंय. पर त्यास्नी तुझा गळा पायजे, तू न्हाय. एवढं ध्यानात ठेव."

मला वाटलं, आबा कडू झालेत. फौंड्रीतला धूर डोक्यात गेलाय.

खरं सांगते, मला तो तास आवडायचा. देव मानत नसले तरी आवडायचा. शेवटचा तास, पोरांचे सदरे बाहेर आलेले, कुणाची बुटाची नाडी सुटलेली, कुणी डुलक्या देतंय. मी पहिला शब्द म्हणायचे, हात वर करायचे, की सगळी तोंडं एकदम उघडायची. अंगावर काटा यायचा. खोटं कशाला बोलू? आणि दर शुक्रवारी तास संपताना एक वाक्य म्हणून घ्यायचं असायचं. देवापुढं सगळी सारखी. पोरं बेंबीच्या देठापासनं ओरडायची. मीही त्यांच्याबरोबर म्हणायचे.

तर दुसऱ्या वर्षी पुन्हा पाटीपूजन आलं. वहिनींनी न विचारता फोन पुढं केला. तिसऱ्या वर्षी मीच आपणहून हात पुढं केला. मग ते ठरूनच गेलं. पूजेला वहिनी, आरतीला मोठ्या बाई, बाकी शिक्षिका ओळीनं हळदकुंकू लावणार आणि मी फोटो काढणार. ते फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात, चांगले असतील ते मोठे करून जिन्यात लावतात. आईला एकदा फोनवर दाखवले, तर चष्मा वर करून बघत म्हणाली, तू कुठं हाईस ह्यात? म्हटलं, मीच काढलेत. आई म्हणाली, व्हय, म्हंजे तू भाईरच.

बरं, वर्षभर काही नाही हो. हीच तर मजा आहे. मधल्या सुट्टीत वहिनी स्टाफरूममध्ये आल्या की माझ्या डब्यातला खर्डा मागून खातात. तुमच्या हाताला चव आहे म्हणतात. खर्ड्याला हात चालतो. कुंकवाला चालत नाही. दर पौर्णिमेला वाडीला दत्ताला जातात, येताना पेढे आणतात. बाकीच्या बायकांच्या तळहातावर ठेवतात, माझ्या हातावर वरनं सोडतात. एकदा पेढा हुकला, खाली पडला. मी उचलून खाल्ला. सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच बघितलं नाही.

तोंडानं जात कुणी काढत नाही आता. कायदा आहे की. एका वर्षी नवीन लागलेल्या एका मॅडमनी भाबडेपणानं विचारलं, तुम्ही का नाही बसत पूजेला? मी बोलायच्या आत मोठ्या बाईच म्हणाल्या, त्यांची अडचण असेल. दरवर्षी नेमकी पाटीपूजनालाच माझी अडचण! कॅलेंडरवर छापायला पाहिजे. मी हसले. सगळ्या हसल्या. घरी जाताना मोपेड रंकाळ्यापाशी बाजूला लावली आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. रडू आलं नाही. कंटाळा आला होता. आपण माणूस आहोत हे दुसऱ्याला सांगायचा सुद्धा कंटाळा येतो. कुणाकुणाला सांगायचं आणि किती वेळा? ह्या गावात राजालासुद्धा त्याच्यापुढं कुठले मंत्र म्हणायचे यावरनं ऐकून घ्यावं लागलं होतं. मग माझी काय कथा. कामापुरता मामा असतो, तशी मी कामापुरती मामी. असं स्वतःला समजावत मी दिवस काढत होते.

ह्या वर्षी वहिनींनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या पोरांसमोर जाहीर केलं. जो कुणी स्तोत्र न चुकता पूर्ण म्हणेल, त्याला पाटीपूजनाचा मान. पाटावर बसून त्यानं पहिलं कुंकू लावायचं.

माझ्या वर्गात तन्वी आहे. आरटीईतनं, फी न भरता प्रवेश मिळालेली. बाप रिक्षा चालवतो, मंगळवार पेठेत राहतात. आडनाव माझंच. नात्यातली नाही, पण वर्गात हजेरी घेताना तिचं नाव आलं की मी उगंच जरा सांभाळून उच्चारते. पुढचे दोन दात पडलेले, बोलताना फुस्स हवा जाते, पण शब्द एक चुकायची नाही कार्टी. बाप सांगत होता, रिक्षात बसली की सुरू करते, पॅसेंजर विचारतात, टेप लावलाय काय?

स्पर्धेला वहिनी स्वतः बसल्या. मोठी मोठी पोरं अडखळली. वहिनींची नात माझ्याच वर्गात आहे, ती अर्ध्यात विसरली आणि हसून खाली बसली. गोड पोर आहे ती, तिला काही पडलेली नव्हती. तन्वीनं हात जोडले आणि शेवटपर्यंत म्हटलं. टाळ्या झाल्या. वहिनी म्हणाल्या, शाब्बास, नाव काय बाळा? तन्वीनं मी शिकवलेल्या पद्धतीनं ताठ उभं राहून सांगितलं. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. वहिनींचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं. मान कुणाचा ते न सांगताच उठल्या. मान मिळाला असंच सगळ्यांनी धरलं. मीपण.

पूजेच्या दिवशी तन्वी परकर-पोलक्यात आली. आईनं स्वतःचं चांगलं लुगडं फाडून शिवलेलं. केसांना गजरा, हातात हिरव्या बांगड्या. मला येऊन तीन वेळा विचारून गेली, मॅडम, कुठल्या बोटानं लावायचं? मी अनामिका धरून दाखवली. हॉल भरला. चौरंगावर पाट्या, समोर रिकामा पाट. मी तन्वीला पुढं पाठवलं.

वहिनींनी तिला पाटापाशीच थांबवलं. नातीला बोलावून पाटावर बसवलं. मी पुढं झाले आणि हळूच म्हटलं, वहिनी, मान तन्वीचा आहे. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या की तिला त्याहून महत्त्वाचं काम देतोय. मग खाली वाकल्या आणि फोन तन्वीच्या हातात ठेवला.

"बाळा, तू फोटो काढ हं. तुझ्या मॅडमसारखी."

तन्वीनं फोन दोन्ही हातांनी धरला. तोंड आनंदानं हे एवढं झालं तिचं. पळत माझ्याकडं आली, दात पडलेल्या फटीतनं हसत म्हणाली, "मॅडम, माझ्याकडं दिला फोन!"

मी त्या पोरीचं तोंड बघत राहिले. ते तोंड माझं होतं. चार महिने झालेली नोकरी, हातात भारीतला फोन आणि पदराच्या आत कुंकू. माझं म्हणून मी गिळलं होतं इतकी वर्षं. आता ते सात वर्षांच्या पोरीच्या हातात दिलं होतं, आणि वर नाव माझं. मॅडमसारखी.

मोठ्या बाईंनी खूण केली, सुरू करा. पहिला शब्द माझा असतो. तो मी म्हटल्याशिवाय पोरं सुरू करत नाहीत, मीच तशी सवय लावलीय. मी हात वर केला नाही. तोंड उघडलं नाही. सगळी पोरं माझ्याकडं बघत बसली. शेजारच्या तालमीत कुणीतरी बैठका मारत होतं, त्याचा हुं हुं तेवढा ऐकू यायचा. मोठ्या बाईंनी भुवया वर केल्या. वहिनींनी स्वतः पहिली ओळ म्हटली, पण पोरं हलली नाहीत. मी गप्प. ठरवून गप्प. एवढंच होतं माझ्याकडं न देण्यासारखं.

तन्वीला वाटलं, मॅडम विसरल्या.

मागं उभी राहून, फोन डोळ्यापुढं धरून, तिनं सुरुवात केली. फुस्स हवा जाणाऱ्या आवाजात. आणि मग सगळी पोरं तिच्यामागनं. वहिनींनी समाधानानं डोळे मिटले, हात जोडले. नातीनं वाटीत बोट बुडवलं. आबांचं वाक्य माझ्या कानात वाजलं. त्यास्नी तुझा गळा पायजे, तू न्हाय. आबा कडू नव्हते. आबा साधं सांगत होते.

मी स्तोत्र चालू असतानाच तन्वीपाशी गेले आणि तिच्या हातातला फोन घेतला. ती सोडेना. सोडवून घ्यावा लागला. तिचा हात धरून तिला चौरंगापाशी आणलं आणि फोन वहिनींच्या पुढं धरला.

"वहिनी, फोटो तुम्ही काढा. पूजा तन्वी करंल."

करंल. शाळेत माझ्या तोंडात कधी येत नाही, तसं आलं. वहिनींनी फोन घेतला नाही. मी तो चौरंगावर ठेवला, हळदीच्या वाटीशेजारी. नात आपणहून पाटावरनं सरकली. तन्वी मोठ्यानं रडायला लागली. मला फोटो काढायचेत, म्हणाली. मला फोटोच काढायचेत. कुणाला वाटत असेल की पोरगी मान वर करून पाटावर बसली, तर तसं झालं नाही. ती हुंदके देत होती आणि मी तिचं बोट धरून कुंकवात बुडवलं आणि सगळ्यांत पुढच्या पाटीवर टेकवलं. एकाच पाटीवर. वहिनी उठल्या आणि हॉलच्या बाहेर गेल्या. त्यांच्यामागनं मोठ्या बाई. प्रसाद वाटला नाही. पोरं वर्गात जाताना विचारत होती, मॅडम, शिरा?

शाळा सुटल्यावर मी पर्स घ्यायला वर आले, तर हॉलचं दार अर्धं उघडं. आतनं गोमूत्राचा वास. माझी रांगोळी पुसलेली. मोठ्या बाई खाली बसून ओल्या फडक्यानं पाट्या पुसत होत्या. एकेक करून. तन्वीनं बोट लावलेली पाटी एक होती. पुसल्या त्यांनी सगळ्या. कुणाचा आडवा पडलेला एक, कुणाचा उलटा, कुणाची चौकटीवर चढलेली सरस्वती. सगळी पोरं आठवडाभर जीभ बाहेर काढून ते काढत होती. पुसलेल्या पाट्यांची चळत एका बाजूला, आणि वहिनी नव्या पाटीवर स्वतःच्या हातानं नवी सरस्वती काढत होत्या. पूजा परत करायची होती.

मी दारात उभी राहिले. पर्समधनं माझा फोन काढला. साधा आहे, काच तडकलेली. फोटो काढला. एक नाही, चांगले चार-पाच. दोघींचीही तोंडं स्पष्ट आलीत. माझा हात हलत नाही, सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत. मी वहिनींची माफी मागावी, असं सुचवलं. नाही म्हटल्यावर राजीनाम्याचं सुचवलं. तेही नाही म्हटल्यावर थकल्यासारख्या खुर्चीत टेकल्या. संस्काराचा तास आता दुसऱ्या मॅडम घेतील, म्हणाल्या. मी मान हलवली. मग आवाज मऊ करून म्हणाल्या,

"फक्त तेवढं स्तोत्र तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. पोरांना सवय आहे."

मला हसू आलं. खरंच आलं. एवढं सगळं होऊन ह्यांना अजून गळा पाहिजेच होता. मी म्हटलं, न्हाय देणार. आणि वर्गावर गेले.

घरी आई म्हणाली, पोट हाय पोरी, उगंच कशाला हात दाखवून अवलक्षण? आबांनी नुसता माझ्याकडचा फोन घेतला, ते फोटो जवळ धरून बघितले आणि परत दिला.

संध्याकाळी तन्वीचा बाप आला. रिक्षा कोपऱ्यावर लावून आला, चहा घेतला नाही. मान खाली घालून म्हणाला, मॅडम, तुमचं खरं हाय. पर पोरीची शाळा जाईल हो. काढू दिले असते फोटो, तर काय बिघडलं असतं? आणि मग उठताना म्हणाला,

"पोरगी सारकी इचारतीया, माजं काय चुकलं? तिला काय सांगू?"

दमले होते मी. ज्याच्यासाठी भांडायचं तोच म्हणतो, नका भांडू. त्याचंही काय चुकलं? त्याला उद्या सकाळी पोरीला त्याच फाटकात सोडायचं आहे. तो गेल्यावर मी खूप वेळ उंबऱ्यावर बसले आणि मनात म्हटलं, जाऊ दे. ह्या 'जाऊ दे'वरच माझी इतकी वर्षं गेली. हा शब्द मला तोंडपाठ आहे, कुठल्याही स्तोत्रापेक्षा जास्त.

पण ती पोरगी विचारतेय. उत्तर दिलं नाही, तर तिचं ती शोधेल. आपलंच काहीतरी चुकलं असं ठरवेल आणि पुढच्या वर्षी आपणहून हात पुढं करेल, फोन द्या म्हणून. ते मी होऊ देणार नाही.

परवा पालकसभा आहे. सगळ्या पोरांचे आईबाप येणार आहेत. शिवाजी पेठेतले, मंगळवार पेठेतले, दुकानवाले, नोकरीवाले, रिक्षावाले. त्यांनी विकत आणलेल्या पाट्यांवर त्यांच्या पोरांनी सरस्वती काढली होती. ती कुणी पुसली, कशानं पुसली आणि का पुसली, हे मी उभी राहून सांगणार आहे. कुणी साथ देईल अशी आशा धरलेली नाही. निम्मे म्हणतील, मॅडम, वाढवू नका. नोकरी जाईल, तर जाईल. राजीनामा मी देणार नाही, त्यांनी काढावं आणि का काढलं ते कागदावर लिहावं. देवापुढं सगळी सारखी हे वाक्य मी पोरांकडनं पुन्हा म्हणून घेणार नाही. आधी मोठ्यांनी म्हणून दाखवावं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. तन्वीला मी तिच्या बापासमोर सांगणार आहे की तुझं काही चुकलं नाही, चूक कुणाची ते ह्या फोटोत आहे.

आणि वहिनी समोरच्या रांगेत बसतात, नेहमीच. तडकलेल्या काचेचा माझा फोन मी त्यांच्यापुढं धरणार. वरनं सोडणार नाही, हातात देणार. म्हणणार, फोटो काढा म्हणाला होतात. काढलाय. बघा.